गड पाहावा, आणि मग गडावरून पाहावे

(थ्रेड. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.)

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील अधिवेशनात जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या १२ दुर्गांचा आपल्या यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी. त्या दिवशी आपण सर्वांनीच आनंद केला. अभिनंदनाचे संदेश फिरले, मीही फिरवले. परंतु या नोंदीचे अधिकृत शीर्षक आपल्यापैकी किती जणांनी थांबून वाचले? त्यात ‘किल्ले’ हा शब्दच नाही. शीर्षक आहे ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’, म्हणजे भारतातील मराठ्यांचे लष्करी भूप्रदेश.

जगाने मान्यता दिली ती भूप्रदेशाला, आणि आपण उत्सव केला तो तटबंदीचा. या दोहोंतील अंतर लहान नाही. आपल्या गडभ्रमंतीचे एक मोठे न्यून त्या अंतरात दडले आहे, असे माझे मत आहे. ते आज सविस्तर मांडतो.

प्रथम एक कबुली. महाविद्यालयात असताना माझ्याजवळ एक वही होती. प्रत्येक गडाचे नाव, तारीख आणि क्रमांक त्यात लिहीत असे. २५वा गड झाला तेव्हा मित्रांना चहा पाजला होता. त्या २५ गडांपैकी कोणता गड कोणत्या घाटावर नजर ठेवण्यासाठी बांधला, हे कोणी विचारले असते तर मला दोनचारांपलीकडे सांगता आले नसते. म्हणून पुढे जी टीका येईल ती आधी स्वतःवरची आहे, असे समजून वाचावे.

गेल्या पावसाळ्यात लोहगडावर पाचसहा तरुण भेटले. भगवा ध्वज, अंगात गडाचे चित्र असलेले सदरे, आणि चढताना मुखी गर्जना. मोठी गोड मुले होती. वाटेत पडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ती स्वतःहून गोळा करत होती. त्यांतील एक जण अभिमानाने म्हणाला, “काका, हा आमचा त्रेचाळिसावा.” मी विचारले, “छान! पण हा गड नेमका इथेच का आहे?” क्षणभर शांतता झाली. मग उत्तर आले, “महाराजांचा आहे ना, काका.” उत्तरात भक्ती होती आणि ती खरीच होती. परंतु लोहगड शिवछत्रपतींच्या आधीही होता आणि नंतरही लढवला गेला. तो तेथे का आहे याचे उत्तर गडाच्या दगडांत नाही, ते खाली दरीत आहे. आणि दरी त्या दिवशी ढगांनी भरलेली होती.

(जाता जाता एक सांगतो. आपण गडांवर प्रामुख्याने पावसाळ्यात जातो, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा वरून काहीही दिसत नाही. ज्या वास्तूचे मुख्य काम दूरवर पाहणे हे होते, ती आपण दहा हातांपलीकडचे दिसत नसताना पाहतो.)

आता हाच लोहगड डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र सकाळी पाहू.

गडमाथ्यावर उभे राहिले की उत्तरेस इंद्रायणीचे खोरे आणि दक्षिणेस पवनेचे खोरे दिसते. गड या दोन खोऱ्यांमधील डोंगररांगेवर बसला आहे. पायथ्याशी भाज्याची लेणी, इंद्रायणीच्या पलीकडे कार्ल्याची, पवनेच्या अंगाला बेडसे. इतकी लेणी एकाच परिसरात का कोरली गेली? कारण येथून व्यापारी मार्ग जात होता. कल्याण आणि चौल ही बंदरे आणि घाटमाथ्यावरील जुन्नर, पैठण, तेर ही नगरे यांना जोडणाऱ्या वाटा याच परिसरातून सह्याद्री चढत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे लेख आहेत. परदेशी मनुष्य डोंगरातील खांबासाठी दान देतो, ते काही वाट चुकून आला म्हणून नव्हे.

म्हणजे येथे आधी वाट आहे, वाटेमुळे लेणी आहेत, आणि वाटेवर नजर व जकात ठेवण्यासाठी गड आहेत. वायव्येकडे नजर टाकली की राजमाची दिसते, ती बोरघाटाची पहारेकरीण. दक्षिणेस तुंग आणि तिकोना. हे सुटेसुटे किल्ले नव्हेत, एका दरवाजाच्या बिजागऱ्या आहेत. बोरघाटातून १८३० साली गाड्यांचा रस्ता झाला, १८६३ साली लोहमार्ग, आणि पुढे द्रुतगती मार्ग. दोन हजार वर्षे राज्ये बदलली, वाहने बदलली, परंतु मार्ग मुळात तोच राहिला. आपण मुंबईहून लोहगडाला जातो ते ज्या रस्त्याने, तो रस्ता हेच लोहगडाच्या अस्तित्वाचे कारण आहे. आपण मात्र तो रस्ता केवळ वाहतूक कोंडीमुळे लक्षात ठेवतो.

याच भूप्रदेशात दोन लढाया झाल्या. दोन्ही आपल्या पूर्वजांनी जिंकल्या, आणि दोन्ही जमिनीच्या बळावर जिंकल्या.

पहिली उंबरखिंडीची. १६६० साली शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. कोकणातील शिवाजी महाराजांचा प्रदेश घेण्यासाठी त्याने १६६१ च्या आरंभी कारतलबखानास मोठी फौज देऊन पाठवले. सोबत रायबागन ही पराक्रमी स्त्री सरदारही होती. खानाने बोरघाटाची रुळलेली वाट सोडून कुरवंड्याच्या घाटाने उतरायचे ठरवले. घाट उतरला की खाली उंबरखिंडीची चिंचोळी, झाडीने गच्च वाट लागते. महाराजांनी फौजेला उतरू दिले. ती पूर्ण आत आल्यावर पुढची वाट अडवली आणि मागची मिटली. दोन्ही बाजूंच्या उतारांवर झाडीत बसलेल्या मावळ्यांनी मारा सुरू केला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचे वर्णन आहे. अखेर रायबागनच्या सल्ल्यावरून खानाने शरणागती पत्करली, खंडणी दिली आणि उरलेली फौज घेऊन तो परत गेला.

हे सर्व पुस्तकात वाचले की ‘गनिमी कावा’ हा एक शब्द डोक्यात राहतो आणि आपण पुढचे पान उलटतो. पण कधी कुरवंडे गावातून ती वाट पायी उतरून पाहा. पाठीवर फक्त एक पिशवी असताना गुडघे कुरकुरतात. मग कल्पना करा की हजारो माणसे, घोडे, ओझ्याची जनावरे एकामागे एक उतरत आहेत. रांगेचे डोके खाली खिंडीत पोहोचलेले आहे आणि शेपूट अजून घाटात आहे. मध्ये कोणी थांबले तर मागचा ढकलतो, परत फिरावे तर वर चढ. अशा ठिकाणी संख्या हेच ओझे होते. गनिमी कावा म्हणजे ‘झाडामागून हल्ला’ असे जे बालिश चित्र आपण करून घेतले आहे, ते त्या उतारावर तासाभरात गळून पडते. शत्रूचे बळ निरुपयोगी होईल अशी जमीन निवडणे, आणि ती त्यालाच निवडू देणे, ही त्यामागची बुद्धी पायांना कळते.

खाली चावणी गावाजवळ नदीकाठी ‘समरभूमी उंबरखिंड’ असे स्मारक आहे. महाराष्ट्रात ‘समरभूमी’ हा शब्द दगडावर पाहण्याचे भाग्य क्वचित लाभते. लोहगडावर सुट्टीच्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नसते, त्याच दिवशी उंबरखिंडीत माझ्यासोबत दोन गुराखी आणि त्यांची जनावरे होती.

दुसरी लढाई वडगावची, जानेवारी १७७९. राघोबादादांना पेशवेपदी बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ४ हजारांची फौज बोरघाट चढून आली. मराठ्यांनी समोरासमोर एकच निर्णायक झुंज दिली नाही. त्यांनी फौजेला पुढे येऊ दिले, रोज चावे घेतले, वाटेतील धान्य-वैरण नष्ट केली. कार्ल्यापाशी कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याच्या शौर्याचे कौतुक करून त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले, ही आपल्या जुन्या लोकांची दिलदारी. इंग्रज ९ जानेवारीला तळेगावास पोहोचले तेव्हा गाव ओस आणि जळालेले होते. पुढे पुणेही जाळून रिकामे करण्याची मराठ्यांची तयारी आहे हे कळताच त्यांचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून त्यांनी माघार घेतली, आणि वडगावास पूर्ण वेढले जाऊन तह करावा लागला.

हे अंतर किती? तळेगाव ते वडगाव आज दुचाकीने काही मिनिटांचे आहे. एका रात्रीत ही फौज तेवढेच सरकू शकली. आपण लोहगडाला जाताना ही दोन्ही नावे पाट्यांवर वाचतो आणि गाडीचा वेग कमी करत नाही. वडगावात महादजी शिंद्यांचे स्मारक आहे. पण तळेगावच्या तळ्यापाशी उभे राहून ‘येथे तोफा बुडवल्या’ असे म्हणणारे मला आजवर मोजकेच भेटले.

आणि आता पुन्हा गडावर येऊ, कारण या भूप्रदेशाने आपल्याला जिंकूनच दिले असे नाही. लोहगडाला लागून विसापूर आहे आणि तो लोहगडाहून उंच आहे. ४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी विसापूर ताब्यात घेतला. दुसऱ्याच दिवशी लोहगड सोडावा लागला. बुलंद दरवाजे, नागमोडी चढण, विंचूकाटा, सर्व जागच्या जागी होते. पण शेजारचा उंच माथा शत्रूकडे गेला आणि लोहगडाच्या दरवाजांना अर्थ उरला नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गांचे प्रकरण वाचलेल्यांना येथे थबकायला होईल. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्या ग्रंथात नेमका हा इशारा आहे. गडाच्या निकट दुसरी उंच टेकडी असू नये. असलीच तर सुरुंग लावून ती गडाच्या कह्यात आणावी, आणि तसे न जमले तर तीही बांधून मजबूत करावी, असा त्याचा आशय. त्याआधी १६६५ साली पुरंदरावर हेच घडले होते. दिलेरखानाने प्रथम शेजारचा वज्रगड घेतला आणि मग पुरंदरावर मारा केला. म्हणजे अमात्यांचे वाक्य पुस्तकी नव्हते, रक्ताने शिकलेले होते. माझा आग्रह आहे की कोणत्याही गडावर जाण्याआधी ‘आज्ञापत्रा’तील ती थोडी पाने वाचावीत. ती वाचून मनुष्य गडावर गेला की त्याचे डोळे आपोआप बाहेर वळतात. पाणी कोठे, शेजारची टेकडी कोणती, दुसरा दरवाजा कोणीकडे, हे प्रश्न सुचू लागतात.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. आपण गडांवर जातो, पण रणभूमीवर जात नाही.

याची कारणे समजू शकतात. रणभूमीवर दाखवायला काही नसते. बुरूज नाही, दरवाजा नाही, छायाचित्राला पार्श्वभूमी नाही. कपाशीचे शेत आणि एक ओढा एवढेच. शिवाय गड ‘सर’ करता येतो, त्याला क्रमांक देता येतो. शेताला क्रमांक कसा देणार? परंतु गड हे युद्धाचे साधन होते. युद्ध जेथे झाले ती जागा बहुतेक वेळा खालीच आहे.

एक अपवाद मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या जागी दरवर्षी लाखो लोक जातात. तेथील स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे आहेत, त्यांत महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. तेथे जाणाऱ्यांना गड-बुरूज लागत नाहीत. आपल्या पूर्वजाचे नाव कोरलेले एक दगडी अक्षर पुरते. त्या लढाईच्या अर्थाविषयी मतभेद आहेत, ते असोत. पण रणभूमीशी नाते कसे जोडतात याचा धडा उरलेल्या इतिहासप्रेमींनी तेथे जाणाऱ्यांकडून घ्यावा, असे मी निःसंकोच म्हणतो.

दुसरा अपवाद पानिपत. आपली माणसे जानेवारीत हजार-दीड हजार किलोमीटर प्रवास करून काला आंब येथे डोके टेकतात. जावेच. पण पानिपतचा पराभव इतक्या दूर जाऊन स्मरणारे आपण, खर्ड्याचा विजय पाहायला जामखेड तालुक्यात किती वेळा गेलो?

खर्डा, ११ मार्च १७९५. एका बाजूस निजाम, दुसऱ्या बाजूस पेशव्यांच्या निशाणाखाली एकवटलेले शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन. सेनापतीपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. मराठेशाहीतील प्रमुख सरदार असे एका निशाणाखाली पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. निजामाची फौज बालाघाटाच्या पठारावरून मोहरीच्या घाटाने खाली उतरली. दिवसाची लढाई अनिर्णित म्हणावी अशी होती. निजामाचा फ्रेंच सेनानी रेमंड आणि त्याची कवायती पलटणे शाबूत होती.

मग रात्र झाली. ग्रँट डफने दिलेली हकिकत अशी. मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजण्यासाठी ओढ्यावर गेली. तेथे योगायोगाने निजामाचे काही लोक होते. त्यांनी गोळी झाडली, जवळच्या पहारेकऱ्यांनी झाडली, आणि भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन झोपलेली सगळी रांग दचकून उठून अंधारात बार काढू लागली. निजामाच्या गोटात एकच हलकल्लोळ माजला. निजाम जवळच्या खर्ड्याच्या भुईकोटात शिरला. सकाळी मराठ्यांना रिकामा तळ आणि सोडून दिलेल्या तोफा सापडल्या. कोट लहान, आत माणसे फार आणि पाणी तुटलेले. दोन दिवसांत निजामाने तह मागितला. दौलताबादचा किल्ला, मोठी रक्कम आणि आपला दिवाण मुशीर-उल्-मुल्क, एवढे त्याने दिले.

म्हणजे त्या लढाईचा निकाल तहानेने लावला. घोड्यांच्या तहानेने सुरुवात झाली आणि कोटातील माणसांच्या तहानेने शेवट. आज खर्ड्याला गेलात तर निंबाळकरांनी बांधलेला तो भुईकोट पाहायला मिळतो. जवळ उंच भगवा ध्वज फडकतो, तो दुरूनच दिसतो. लोक कोटात जातात, ध्वजासोबत छायाचित्र घेतात आणि परत फिरतात. ओढे कोणते, मोहरीचा घाट कोणत्या अंगाला, असे विचारले तर सोबतचे लोक आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतात. मी मार्च महिन्यात गेलो होतो. दुपारी बाराला कोटाच्या भिंतीशी उभे राहिलो आणि बाटलीतले पाणी संपले, तेव्हा तहाची कलमे मला पाठ्यपुस्तकापेक्षा चांगली समजली.

आणि असई. जालना जिल्ह्यातील हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची गाठ आर्थर वेलस्लीशी पडली. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लढाईतील आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे उत्तरायुष्यात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले, असे सांगतात.

त्या दिवशी काय घडले ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. मराठी फौज केळणा नदीच्या पलीकडे होती, मागे जुई नदी. वेलस्लीला नदी ओलांडायला उतार हवा होता. वाटाड्यांनी सांगितले की जवळपास उतार नाही. त्याने दुरून पाहिले तर नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरे गाव, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे नदीच्या दोन काठांना अशी समोरासमोर वसलेली असतील तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने केला. तर्क खरा ठरला. फौज उतरली आणि मराठ्यांच्या बगलेवर आली.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा मला संताप आला होता, अजूनही थोडा येतो. ती नदी आपली, ती गावे आपली, दोन काठांवरच्या गावांचे सोयरसंबंध आपले. आणि ते वाचले परक्याने! मराठ्यांच्या कवायती पलटणांनी मात्र शौर्याची शर्थ केली. बगलेवर शत्रू दिसताच त्यांनी आघाडी इतक्या शिस्तीने फिरवली की वेलस्लीही चकित झाला. असई गावाजवळ इंग्रजांची एक तुकडी वाट चुकून तोफांच्या तोंडी गेली आणि जवळजवळ संपली. आपले गोलंदाज तोफांपाशीच पडले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले, शत्रू पुढे जाताच उठले आणि तोफा फिरवून पुन्हा मारा करू लागले. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांचे सुमारे १,६०० ठार-जखमी झाले. जे लढले त्यांच्यापैकी तिघांत एकाहून अधिक.

त्या गोलंदाजांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. स्कॉटलंडच्या पलटणी परंपरेत ‘असई’ हा सन्मानाचा शब्द आहे. आपल्याकडे तो स्पर्धा परीक्षेतील एक पर्याय आहे. दोन नद्यांच्या दुबेळक्यात, जेथे ती पलटणे उभी होती, तेथे आज शेती आहे. शेतकऱ्यांनी शेती करावीच. रणभूमी जपण्याचा याहून चांगला मार्ग क्वचितच असेल, कारण नांगर जमिनीचा चढउतार फारसा मोडत नाही. मोडते ते सपाटीकरण, भराव आणि भूखंड पाडणे. नदीचा उतार एकदा बुजला, टेकाड एकदा मुरमासाठी पोखरले की त्या लढाईचा पुरावा गेला. तो कोणत्याही दफ्तरखान्यातून परत आणता येत नाही.

स्मारक उभारूनही रणभूमी जाते, हे ध्यानात असू द्या. वॉटर्लूवर १८२० च्या दशकात सिंहाचा प्रचंड मातीचा टेकाडवजा चौथरा उभारला. त्यासाठी लागलेली माती रणांगणावरच्याच त्या धारेवरून खरवडली, जिच्या आडोशाने वेलिंग्टनने आपली फौज उभी केली होती. आज त्या सिंहाच्या पायाशी उभे राहणाऱ्याला लढाईची मूळ जमीन दिसत नाही. आपल्याकडे कोणी उत्साहाने एखाद्या खिंडीत सिमेंटची कमान, वाहनतळ आणि रंगीत कारंजे आणू लागला, तर त्याला हे उदाहरण अवश्य सांगावे.

कायदा आड येतो असेही नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात केवळ वास्तू नाहीत. ऐतिहासिक अवशेष जेथे आहेत किंवा असल्याचे सयुक्तिक वाटते असे क्षेत्रही त्यात येते. शंभर वर्षे झालेली असली म्हणजे झाले. रणभूमी या व्याख्येत बसू शकते. इंग्लंडने १९९५ साली आपल्या ऐतिहासिक रणभूमींची नोंदवही केली. सीमा आखल्या, नकाशे काढले. तेथे बांधकामाची परवानगी देताना ही नोंद विचारात घ्यावी लागते. एवढे आपल्याला अशक्य आहे काय? साल्हेर, नेसरी, भातवडी, राक्षसभुवन, उदगीर, पालखेड, खर्डा, असई, आष्टी. नुसत्या नकाशावर सीमा आखायला तट बांधण्याइतका खर्च येत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला भावनेच्या बाजूने समजतो. ‘गड म्हणजे आमचे मंदिर. तेथे आम्ही डोके टेकायला जातो, भूगोलाची परीक्षा द्यायला नाही.’ मान्य. दुर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या तरुणांनी टाक्यांतील गाळ उपसला, बुजलेल्या वाटा मोकळ्या केल्या, त्यांच्यापुढे माझ्यासारख्या लेखनबहाद्दराने नम्रच असावे. परंतु ज्यांना आपण डोके टेकतो, ते स्वतः जमीन वाचण्यात अद्वितीय होते. त्यांची भक्ती करायची आणि त्यांनी ज्या जमिनीकडे आयुष्यभर पाहिले तिच्याकडे पाठ करून छायाचित्र काढायचे, ही मला विसंगती वाटते.

तेव्हा लोहगडाला जाणार असाल तर दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी भाज्यापासून चढा, विसापूरही करा, आणि विसापूरवरून लोहगडाकडे शत्रूच्या नजरेने पाहा. दुसऱ्या दिवशी कुरवंड्याहून उंबरखिंडीत उतरा. वाटेत गावकऱ्यांना जुनी नावे विचारा. शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाची परवानगी घ्या. जमिनीत गोळी, नाणे काही दिसले तर ते खिशात घालू नका. जागेवरून हललेली वस्तू मुकी होते. आणि पावसाळा टाळा, हे पुन्हा सांगतो.

त्या त्रेचाळीस गडवाल्या मुलांना मी हेच सांगितले होते. त्यांनी माझे खाते विचारून घेतले, आणि मी विसरून गेलो. जानेवारीत एके दुपारी संदेश आला. कुरवंड्याच्या घाटातील एका अरुंद वळणाचे छायाचित्र होते, मुले चित्रात कोठेच नव्हती. खाली एवढेच लिहिले होते, “काका, इथे समोरून मार आला तर घोडा वळवणार कसा?”